घाटमाथ्यावर समुद्री कासव : फिरत्या प्रदर्शनाच्या प्रकल्प नोंदी

९ नोव्हेंबर २०२४, खानापूर

प्रकल्पाचा आवाका ठरला. बेळगाव, खानापूर आणि निपाणी भागातल्या मराठी शाळांसाठी ऑलिव्ह रिडले कासवावर फिरतं प्रदर्शन करायचं. भाग चार : ओळख, घरटं, जाळं, नदी. सगळं सामान एका छोट्या टेम्पोत मावलं पाहिजे, एका वर्गखोलीत तासाभरात मांडून झालं पाहिजे आणि मुलांचे हात लागूनही टिकलं पाहिजे. काचेच्या कपाटात ठेवायचं काही नाही.

भारताच्या समुद्रात कासवांच्या पाच जाती सापडतात : ऑलिव्ह रिडले, हिरवं कासव, हॉक्सबिल, लॉगरहेड आणि लेदरबॅक. आपल्याला जवळ असलेल्या कारवार आणि गोव्याच्या किनाऱ्यांवर अंडी घालायला येते ती मुख्यतः रिडले. म्हणून तीच निवडली.

पहिल्याच फलकावर एका प्रश्नाचं उत्तर द्यावं लागेल. ओडिशात गहिरमाथा आणि ऋषिकुल्येच्या मुखाशी थोड्या दिवसांत लाखो माद्या वर येतात, त्याचे व्हिडिओ मुलांनी पाहिलेले असतात. ‘एवढी कासवं आहेत, मग धोका कसला?’ हे ती विचारणारच. उत्तर असं की जातीचा एवढा मोठा वाटा मोजक्या किनाऱ्यांवर अवलंबून असणं हीच जोखीम आहे. त्या किनाऱ्यांची धूप झाली किंवा समोरच्या पाण्यात ट्रॉलर वाढले की एका हंगामात फार मोठं नुकसान होतं. पश्चिम किनाऱ्यावर तर माद्या एकेकट्या येतात, घरटी विखुरलेली असतात. धोक्यातल्या जातींच्या जागतिक लाल यादीत रिडले ‘असुरक्षित’ गटात आहे. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात तिचं नाव आहे, म्हणजे वाघाला जे संरक्षण तेच हिला.

१७ नोव्हेंबर २०२४, बेळगाव

कवचांचं काम सुरू. गणपतीचा हंगाम संपल्यामुळे मूर्तिकारांच्या कारखान्यात जागा मिळाली. आधी शाडूत पूर्ण आकार, त्यावरून प्लास्टरचा साचा, साच्याला मेणाचं पॉलिश आणि आत फायबरचे दोन थर. पॉलिश एखाद्या कोपऱ्यात राहून गेलं तर फायबर साच्याला धरतं आणि सोडवताना कवचाची कड तुटते. थंडीत रेझिन सावकाश सुकतं, त्यामुळे रात्रभर न हलवता ठेवायचं.

मापं : रिडलेचं पाठीचं कवच ६० ते ७० सेंमी लांब आणि रुंदीलाही जवळपास तेवढंच, म्हणून वरून पाहिलं तर गोलसर दिसतं. पूर्ण वाढलेली मादी साधारण ३५ ते ४५ किलोची.

ओळखीची खूण रंग नाही, खवल्यांची संख्या आहे. पाठीच्या मधल्या रांगेच्या दोन्ही बाजूंना जे मोठे खवले असतात ते मोजायचे. हिरव्या कासवाला आणि हॉक्सबिलला चार जोड्या, लॉगरहेडला पाच. रिडलेला बहुधा सहा किंवा जास्त, आणि डाव्या-उजव्या बाजूची संख्या बरेचदा जुळत नाही. आपल्या नमुन्यात मुद्दाम डावीकडे सहा आणि उजवीकडे सात केले आहेत. मूर्तिकाराला दोन्ही बाजू सारख्या करायची सवय असते, त्यामुळे शाडू ओली असतानाच खवले मोजून घ्यावे लागले. हॉक्सबिलचे खवले कौलांसारखे एकावर एक चढलेले असतात, तो नमुना वेगळा केला. लेदरबॅकच्या पाठीवर खवले नसतातच, जाड कातडी आणि लांब उंचवटे असतात. ती फक्त चित्रात दाखवायची, कारण तिच्या खऱ्या मापाचं कवच टेम्पोत जाणार नाही.

१ डिसेंबर २०२४, खानापूर

घरट्याची पेटी. प्लायवूडची ७५ सेंमी उंच पेटी, एका बाजूला जाड ॲक्रिलिक. आतला खड्डा त्या बाजूला चिकटून, म्हणजे उभा छेद दिसेल. तोंडाशी अरुंद, खाली फुगीर, सुरईसारखा. मादी हा खड्डा मागच्या पायांनी खणते. एक पाय आत घालून पंजा वळवायचा, वाळू अलगद उचलून बाजूला टाकायची, मग दुसरा पाय. पाय जिथवर पोचतो तिथवरच खोली, रिडलेच्या बाबतीत साधारण ४५ सेंमी.

अंड्यांसाठी टेबल टेनिसचे चेंडू घेतले. चेंडू ४० मिमीचा असतो आणि रिडलेचं अंडंही जवळपास तेवढंच. एका घरट्यात साधारण १०० ते १२० अंडी असतात. पेटीत ११० चेंडू टाकले. फरक दोन, आणि दोन्ही फलकावर लिहायचे. पहिला, खरं अंडं ३० ग्रॅमच्या पुढे भरतं, चेंडू तीन ग्रॅमही नाही. दुसरा, खऱ्या अंड्याचं कवच कोंबडीच्या अंड्यासारखं कडक नसतं, चामड्यासारखं लवतं. ताज्या अंड्याला एका बाजूने पोचा आलेला असतो. तो तसाच असतो, अंडं खराब नसतं. काही चेंडू अंगठ्याने दाबून ठेवले आहेत.

वाळू कोरडी असेल तर सुरईचा आकार उभाच राहत नाही, कडा ढासळून नुसता खळगा होतो. मादीचंही असंच होतं. वरचा कोरडा थर बाजूला सारून ओल लागेपर्यंत ती खाली जाते, आणि ओल लागली नाही किंवा मुळं, दगड आडवे आले तर खड्डा अर्धवट टाकून परत समुद्रात जाते. पेटीतल्या वाळूला मूठ आवळली की गोळा व्हावा पण हाताला पाणी लागू नये एवढीच ओल द्यायची. जास्त झाली तर ॲक्रिलिकवर दव धरतं आणि आतलं काही दिसत नाही.

८ डिसेंबर २०२४

वाळू नदीची घेतली, दोनदा चाळून. एम-सँड, म्हणजे दगड दळून केलेली वाळू, चालत नाही, कण धारदार असतात आणि दाबल्यावर घट्ट बसतात. समुद्रकिनाऱ्यावरची वाळू आणायची नाही. ज्या वाळूत घरटी होतात तीच उचलून तिच्याविषयीचं प्रदर्शन मांडणं योग्य नाही.

२२ डिसेंबर २०२४, खानापूर

तापमानाची मांडणी. मुलांना सगळ्यात जास्त धरून ठेवेल असा हा भाग आहे, म्हणून त्यावर जास्त वेळ दिला.

कासवाचं पिल्लू नर होणार की मादी हे अंड्यात आधीपासून ठरलेलं नसतं. उबवणीच्या मधल्या तिसऱ्या भागात वाळू किती गरम होती त्यावर ते ठरतं. रिडलेच्या बाबतीत २९ ते ३१ अंशांच्या आसपास दोन्ही साधारण निम्मे-निम्मे होतात, त्याहून थंड वाळूत नर जास्त, गरम वाळूत माद्या जास्त. ३४-३५ अंशांवर दीर्घकाळ राहिलं तर गर्भच मरतात. अंडी फुटायला ४५ ते ६० दिवस लागतात. वाळू गरम असेल तर लवकर, थंड असेल तर उशिरा.

मांडणी अशी : एकसारखे दोन ड्रम, त्यांत सारखीच ओली वाळू. एक उघड्या उन्हात, दुसऱ्यावर नारळाच्या झावळ्या. प्रत्येकात ५, २५ आणि ४५ सेंमीवर वायरचे प्रोब, फिशटँकसाठी मिळतात तेच. ड्रम जमिनीवर नुसता ठेवला तर ऊन बाजूंनी आत शिरतं आणि ४५ सेंमीवरचा आकडाही दुपारी चढतो. तो वाळूचा नसतो, ड्रमच्या पत्र्याचा असतो. ड्रम गळ्यापर्यंत जमिनीत पुरला की आकडे सरळ येतात : वरची वाळू दुपारी हाताला चटका देते आणि पहाटे गार पडते, पण ४५ सेंमीवर दिवसभरात पारा अंशभरही हलत नाही. खड्ड्याची खोली इतकी का, हे मुलांना आकड्यांतच दिसतं. प्रोबच्या जोडात पाणी गेलं की आकडा नाचायला लागतो. जोडाला एम-सील लावून एक दिवस सुकू द्यायचं.

ड्रममध्ये दिसत नाही ती एक गोष्ट फलकावर घालायची. शेवटच्या दिवसांत शंभर-सव्वाशे गर्भ स्वतःही उष्णता सोडतात आणि घरटं आजूबाजूच्या वाळूपेक्षा एक-दोन अंश गरम होतं. उबवण केंद्रात दोन घरट्यांत मीटरभर अंतर ठेवतात त्याचं एक कारण हे. जागा कमी म्हणून घरटी दाटीने पुरली तर मधली तापतात.

हवामान गरम होत चाललं की नुसती पिल्लं मरतात असं नाही. त्याआधी नर कमी होत जातात, आणि ते कोणाच्या नजरेला पडत नाही.

५ जानेवारी २०२५, उद्यमबाग, बेळगाव

जाळ्यातून कासवाला बाहेर काढणारी जाळी, म्हणजे टेड. उद्यमबागेत वेल्डिंगला दिली. लंबवर्तुळाकार चौकट ८० बाय १०० सेंमी, २० मिमी पाइपची. आत १० मिमीच्या सहा उभ्या सळ्या, दोन सळ्यांमध्ये १० सेंमी मोकळी जागा. अमेरिकेच्या नियमात हे अंतर ४ इंचांपेक्षा जास्त चालत नाही, म्हणून तेवढंच धरलं. वेल्डिंगचे कंगोरे ग्राइंडरने घासून घेतले. खऱ्या जाळ्यात ते दोर कापतात, इथे मुलांचे हात.

काम कसं चालतं : ट्रॉलचं जाळं नरसाळ्यासारखं असतं, तोंड रुंद आणि शेवटी बंद खोळा. खोळ्याच्या अलीकडे ही जाळी तिरपी बसवतात. कोळंबी आणि लहान मासे सळ्यांमधून मागे खोळ्यात जातात. कासव सळ्यांवर आदळतं, उतारावरून सरकत वरच्या किंवा खालच्या झडपेपाशी पोचतं आणि झडप ढकलून सुटतं.

सगळं कोनावर अवलंबून आहे. पाण्याच्या ओढीशी कोन ३० ते ५५ अंशांत हवा. जाळी फार उभी झाली तर कासव सळ्यांवर दाबलं जाऊन तिथेच अडकतं. फार आडवी झाली तर कोळंबीच झडपेतून निघून जाते आणि मच्छीमार टेडच काढून ठेवतो. ओंडके, प्लास्टिक सळ्यांत अडकलं की झडप उघडी राहते आणि मासळी गळते, म्हणून दर ओढीनंतर जाळी साफ करावी लागते. झडप दोऱ्याने शिवून टाकली तर टेड असून नसल्यासारखीच.

प्रदर्शनात जाळी लाकडी घोडीवर बसवली, कोन बदलता येईल असा बिजागरीचा जोड दिला. कोळंबीच्या जागी लहान रबरी चेंडू, कासवाच्या जागी फायबरचं कवच. मुलांनी कोन बदलून स्वतः पाहायचं.

कोचीच्या केंद्रीय मात्स्यिकी तंत्रज्ञान संस्थेने भारतीय बोटींसाठी टेड तयार केली आहे. तंत्र हाताशी आहे, वापर नाही. ट्रॉलरवर टेड नसते या कारणावरून अमेरिकेने २०१९ पासून भारतातली समुद्रात पकडलेली कोळंबी घेणं बंद केलं. म्हणजे कासव मेल्याचा फटका शेवटी कोळ्याच्याच खिशाला बसला.

८ फेब्रुवारी २०२५, कारवार

फलकांवरचा मजकूर किनाऱ्यावर काम करणाऱ्यांकडून तपासून घेतला. किनाऱ्यावर जे काही होतं ते वनखात्याच्या देखरेखीखाली. परवानगीशिवाय अंड्याला हात लावणं गुन्हा आहे, हे फलकावर ठळक अक्षरांत जाईल.

माग ओळखणं : रिडले डावा-उजवा पाय आळीपाळीने टाकते, त्यामुळे मागाच्या दोन्ही कडांचे ठसे एकमेकांसमोर येत नाहीत. हिरवं कासव दोन्ही पुढचे पाय एकदम मारतं, माग रुंद आणि दोन्ही बाजूंनी सारखा. अंडी घालून झाली की रिडले अंग डावीकडे-उजवीकडे आपटून वाळू दाबते, ती दाबलेली जागा जवळून पाहिली तर ओळखू येते. घरटं शोधायला सळई खुपसायची नाही, अंडी फुटतात. हाताने चाचपायचं, भुसभुशीत लागेल तिथे तोंड.

घरटं शक्यतो जागच्या जागी ठेवायचं, वर जाळीचा पिंजरा, कडा वाळूत खोल पुरलेल्या. कुत्री आणि कोल्ही वरून उकरतात, घोरपड कडेने शिरते. भरतीची रेघ घरट्याच्याही वर येत असेल तरच अंडी हलवायची, आणि हलवायची तर घातल्यापासून काही तासांच्या आत. कारण असं की थोड्याच तासांत गर्भ कवचाच्या आतल्या बाजूला वर चिकटतो आणि तिथे पांढरा डाग दिसू लागतो. त्यानंतर अंडं फिरलं तर तो नाजूक पडदा फाटतो आणि गर्भ आतच मरतो. बाहेरून काही कळत नाही, दीड-दोन महिन्यांनी घरटं उघडल्यावर कळतं. म्हणून अंडं जसं होतं तसंच उचलायचं, ओली वाळू घातलेल्या बादलीत ठेवायचं, बादली हिंदकळू द्यायची नाही, आणि नवा खड्डा मूळ खोलीचाच करायचा. उथळ केला तर तापतो.

पिल्लं वर आल्यानंतर दोन-तीन दिवसांनी घरटं उकरून रिकामी टरफलं, न फुटलेली अंडी आणि आत अडकून मेलेली पिल्लं वेगवेगळी मोजतात. ही मोजणी राहिली तर पुढच्या हंगामात काय सुधारायचं ते समजायला मार्ग नाही.

पिल्लं टबात साठवून दुसऱ्या दिवशी गर्दीसमोर सोडण्याची पद्धत काही ठिकाणी पाहायला मिळते. ती वाईट आहे. पिल्लू १८-२० ग्रॅमचं असतं. अंड्यातला बलक पोटात असतो आणि पहिला दिवसभर ते न थांबता पोहतं, लाटांच्या पलीकडे खोल पाण्यात पोचण्यासाठी. टबात तीच ताकद संपते. सोडायचं तर रात्री किंवा पहाटे, वाळूवर थोडं चालू देऊन, मोबाइलचा उजेड बंद ठेवून. पिल्लं क्षितिजाजवळच्या उजळ बाजूकडे जातात. रिसॉर्टचे दिवे मागे असतील तर ती समुद्राकडे पाठ करून रस्त्याकडे निघतात.

९ फेब्रुवारी २०२५, कारवार

जेट्टीवर तांडेलांशी, म्हणजे बोटींच्या म्होरक्यांशी, बोलणं झालं. दोन मुद्दे प्रदर्शनात घ्यायचे.

पहिला, मासेमारी बंदी. पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींची बंदी १ जून ते ३१ जुलै. ती माशांच्या विणीसाठी आहे आणि असायलाच हवी. पण रिडले किनाऱ्याजवळ जमते आणि अंडी घालते ती मुख्यतः नोव्हेंबर ते मार्चमध्ये, म्हणजे मासेमारी जोरात असताना. ओडिशात कासवांच्या टापूत १ नोव्हेंबर ते ३१ मे अशी वेगळी बंदी असते. इकडे घरटी विखुरलेली असल्यामुळे एवढी मोठी बंदी कोणी मागत नाही, पण किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात रात्रीचं ट्रॉलिंग टाळलं तरी पुष्कळ फरक पडेल.

दुसरा, जाळ्यातून निपचित आलेलं कासव. कासवाला फुप्फुसं असतात, हवा घ्यायला वर यावंच लागतं. शांत असेल तर ते बराच वेळ पाण्याखाली राहतं, जाळ्यात धडपडलं की प्राणवायू झपाट्याने संपतो. वर काढल्यावर मेल्यासारखं दिसणारं प्रत्येक कासव मेलेलं नसतं. ते लगेच पाण्यात टाकलं तर मात्र बुडून मरतं. करायचं असं :

पोटावर ठेवायचं, पाठीवर उताणं कधीच नाही. मागची बाजू १५ सेंमी किंवा थोडी जास्त उंच करायची, खाली दोराचं वेटोळं किंवा टायर. फुप्फुसातलं पाणी उतरतं. सावलीत ठेवून अंगावर ओलं गोणपाट घालायचं, नाकपुड्या उघड्या. अधूनमधून कवचाची एक कड थोडी उचलून हळू डोलवायचं, मग दुसरी. पोटावर दाब द्यायचा नाही. दर काही तासांनी डोळ्याच्या कडेला हलकेच बोट लावून आणि शेपटीला चिमटा काढून हालचाल होते का पाहायचं. किमान चार तास, गरज पडली तर चोवीस तास थांबायचं. शुद्धीवर आलं की इंजिन न्यूट्रलला ठेवून, जाळी पाण्यात नसताना, बोटीच्या मागच्या बाजूने अलगद सोडायचं.

हा फलक मराठी, कन्नड आणि कोकणीत छापून जेट्टीवरही लावायचा.

२ मार्च २०२५, खानापूर

फलकांची वाटणी बदलली. अंडी आणि पिल्लांना जवळपास सगळी भिंत गेली होती, ती निम्म्यावर आणली. उरलेली भिंत समुद्रातल्या मोठ्या कासवांना.

कारण आकड्यांत आहे. हजार पिल्लांतून एखादं मोठं होतं असा सर्वसाधारण अंदाज सांगतात, आणि रिडलेला अंडी घालण्याच्या वयात यायला दहा-पंधरा वर्षं लागतात. म्हणजे जाळ्यात मेलेली एक मादी भरून काढायला शेकडो घरट्यांतली नव्हे, पण कित्येक घरट्यांतली अंडी नीट फुटावी लागतात, आणि तीही दशकभर आधी फुटलेली असावी लागतात. १९८७ साली क्राऊज, क्राऊडर आणि कॅसवेल यांनी अमेरिकेतल्या लॉगरहेड कासवांवर हे गणित मांडलं. घरट्यातली अंडी अगदी सगळी वाचवली तरी घट थांबत नाही, अर्धवट आणि पूर्ण वाढलेली कासवं मरायची थांबली तर थांबते, असं त्यातून दिसलं. टेडच्या सक्तीला त्या गणिताचा मोठा आधार मिळाला.

पिल्लं पाहायला गोड असतात, फोटो त्यांचेच निघतात. किनाऱ्यावर वाहून आलेल्या मेलेल्या मादीचा फोटो कोणी शाळेत लावत नाही. या प्रदर्शनात तो असेल, पाचवीच्या खालच्या वर्गांसाठी झाकता येईल अशा पडद्यामागे.

१६ मार्च २०२५, कणकुंबी

नदीचा फलक. खानापूर तालुक्याचं पाणी दोन्ही समुद्रांना जातं, हे मुलांना भूगोलात शिकवलेलं असतं, पण कासवाशी जोडलेलं नसतं. मलप्रभा इथून पूर्वेला निघते, कृष्णेला मिळते आणि पाणी बंगालच्या उपसागरात जातं. कृष्णेच्या मुखाशीही रिडले अंडी घालते. म्हादई याच तालुक्यातून पश्चिमेला उतरते, गोव्यात मांडवी होते आणि पणजीला समुद्रात शिरते. जोयड्याकडची काळी नदी कारवारला.

नदीतून समुद्राकडे जाणारा कचरा नकाशावर बाणांनी दाखवायचा, पण सगळ्या बाणांची जाडी सारखी ठेवायची नाही. मलप्रभेवर सौंदत्तीजवळ नविलुतीर्थचा जलाशय आहे, पुढे कृष्णेवर मोठी धरणं आहेत, तरंगता कचरा वाटेत बराच अडकतो. काळीवर सुपा, कोडसळ्ळी आणि कद्रा. म्हादईच्या मुख्य प्रवाहावर असा मोठा जलाशय नाही. पहिल्या मोठ्या पावसात ओढ्याकाठची प्लास्टिकची पिशवी सरळ खाली जाऊ शकते. म्हणून तो बाण सगळ्यात जाड.

पिशवी पोटात गेली की काय होतं ते दाखवायला कासवाच्या अन्ननलिकेचा नमुना केला. आत सगळीकडे मागे वळलेले मऊ काटे, रबरी पायपुसणीचे तुकडे उलटे चिकटवून. जेलीफिशसारखं निसरडं भक्ष्य गिळताना समुद्राचं पाणी बाहेर टाकलं जावं आणि भक्ष्य आत राहावं यासाठी ते काटे असतात. मुलांनी पिशवीचा तुकडा बोटाने आत सारायचा आणि परत ओढून पाहायचा. येत नाही. कासवालाही तो ओकून टाकता येत नाही.

सोबत खताच्या पोत्याचे सुटे धागे आणि नायलॉन जाळ्याचा तुकडा ठेवला. पायाभोवती गुंडाळलेला धागा कासव वाढत जातं तसा मांसात रुततो.

२० एप्रिल २०२५, बेळगाव

फलकात एक भर. ओडिशात २०२१ मध्ये पायाला धातूची पट्टी लावलेली एक मादी यंदा जानेवारीत रत्नागिरी जिल्ह्यात गुहागरला अंडी घालताना सापडली. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्याची कासवं अगदी वेगळी, हा समज आता जसाच्या तसा लिहिता येणार नाही. याच्या उलट दिशेचीही नोंद आहे : कोकणात उपग्रह ट्रान्समीटर लावलेली ‘बागेश्री’ २०२३ मध्ये श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली होती. मलप्रभेचा आणि म्हादईचा बाण आता एकाच कासवाच्या वाटेवर येतात, तशी तुटक रेघ नकाशावर काढली.

चाचणीच्या मांडणीनंतर शाळा उघडायच्या आत करायची कामं : टेडच्या सळ्यांना रेड ऑक्साइडचा आणखी एक हात, कारण दमट हवेत वेल्डिंगच्या जोडांवर गंज धरला आहे. ॲक्रिलिक पुसायला ओलं सुती कापडच, पेपरने ओरखडे पडतात. चेंडू दर शाळेनंतर मोजायचे. ड्रम पुरायला शाळेच्या आवारात सकाळचं ऊन येणारी जागा आधीच विचारून ठेवायची. अन्ननलिकेच्या नमुन्यातले काटे मुलांच्या ओढाताणीने निघतात, ते फेविकॉलऐवजी रबर सोल्युशनने परत बसवायचे आणि जादा काटे डब्यात बरोबर न्यायचे.